पहिलं पिल्लू घरी आणताना

पिल्लू आणायचं मनात आलं असेल तर पहिलं बोलणं घरच्यांशी कर, आणि तेही पिल्लाचा फोटो दाखवायच्या आधी. फोटो बघितला की सगळे विरघळतात आणि विचारायचे प्रश्न तसेच राहतात.

मी नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला राहते. गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालते, त्यांच्या नसबंदीसाठी आणि रेबीजच्या लसीसाठी मागे लागते. तरी दर थंडीत कुठल्या तरी बांधकामावर, कुणाच्या तरी पार्किंगमध्ये पिल्लं होतातच. त्यांना घरं शोधायचं काम मी कित्येक वर्षं करते आहे, त्यामुळे आठवी-नववीपासून कॉलेजपर्यंतची मुलं 'काकू, मला एक द्या ना' म्हणत दारात येतात. पिल्लू मी लगेच हातात देत नाही. आधी बसवून विचारते.

कुत्रा साधारण बारा-पंधरा वर्षं जगतो. तू आज नववीत असशील तर दहावी, बारावी, सीईटी, पुण्यातलं हॉस्टेल, पहिली नोकरी, एवढं सगळं होऊन जाईल आणि तो घरात असेल. तू बाहेरगावी गेल्यावर सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार? आईला गृहीत धरू नकोस, तिला विचार आणि ती काय म्हणते ते नीट ऐक. आजीला दम्याचा त्रास आहे का, दिवाळीत सगळे मामाकडे जाता तेव्हा त्याची सोय काय, हेही तेव्हाच बोलून घ्या. पैशाचंही स्पष्ट बोला. पहिल्या वर्षात लसी, जंतांची औषधं, नसबंदी, रोजचं खाणं आणि एखादं तरी आजारपण धरून चाल. रस्त्यावरून उचललेलं पिल्लू फुकट मिळतं, पण ते फुकटात वाढत नाही.

घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या. स्वतःचा फ्लॅट असेल तर सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना तसं स्पष्ट सांगतात. पण नियम आपल्या बाजूने आहे म्हणून जिन्यातली घाण शेजाऱ्यांनी सोसावी असं होत नाही. ती तूच पुसायची, आणि लगेच.

आता कोणतं पिल्लू. माझं मत सरळ आहे: पहिलं पिल्लू गावठी घे. आपल्या हवेला सरावलेलं असतं, अंगावर केस कमी, खाण्याचे नखरे कमी, आणि हुशार तर इतकं की दोन दिवसांत घरात कोण मऊ आहे ते ओळखतं. हस्की बर्फातला कुत्रा आहे. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याला फ्लॅटमध्ये धापा टाकत ठेवणं मला बघवत नाही. लॅब्रॅडॉर प्रेमळ असतो खरा, पण त्याला रोज भरपूर पळायला लागतं. विकत घेणार असाल तर एवढं पक्कं ठेवा की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे, कुत्र्यांच्या पैदाशीबाबतचे २०१७ चे नियम तेच सांगतात. तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात. 'लहानपणी आणलं की लळा लागतो' असं विकणारा म्हणेल. ऐकू नकोस. आठ आठवडे आई आणि भावंडांबरोबर राहिलेलं पिल्लू चावायचं किती आणि थांबायचं कधी हे त्यांच्याकडूनच शिकून येतं. ते शिकवणं पुढे माणसाला फार जड जातं. आणि पिल्लाची आई बघायला मागच. आई दाखवत नसतील तर तिथून घेऊ नका.

घरी आणायचा दिवस शनिवारचा निवड, म्हणजे रविवार हाताशी राहतो. पहिल्या रात्री ते रडणार, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते एकटं झोपतंय. त्याला बाल्कनीत किंवा संडासाच्या बोळात कोंडू नकोस. एक पुठ्ठ्याचा खोका, त्यात जुनी गोधडी, आणि तो खोका तुझ्या पलंगाशेजारी. रडलं की हात खाली सोडून त्याच्या अंगावर ठेव. बहुतेक पिल्लं त्यावर झोपतात. डिसेंबर-जानेवारीत आणलंस तर थंडीचं विसरू नकोस. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपल्या फरशीही बर्फ झालेल्या असतात, म्हणून खोक्याखाली गोणपाट घाल. बंगला असेल तरी पिल्लाला रात्री अंगणात बांधायचं नाही. गोदाकाठच्या आणि दारणेकाठच्या उसात बिबटे आहेत, गंगापूर रोडच्या वस्तीतही बिबट्या आलेला आहे, आणि कुत्रा ही त्याची सोपी शिकार.

दिवसातले अठरा-वीस तास पिल्लू झोपतं. मित्रमैत्रिणी बघायला येतील, प्रत्येकाला उचलून घ्यायचं असेल. झोपलेल्या पिल्लाला कुणीही उचलायचं नाही, हा घराचा नियम कर.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे जा आणि लसींचं कार्ड बनवून घे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमाराला आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. जंतांचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पावसाळा तोंडावर असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणाऱ्या आजाराच्या, लसीचंही विचारून घे.

यातला एकही डोस चुकवायचा नाही, कारण पार्व्हो, पिल्लांचा जीव घेणारा आतड्यांचा आजार. गॅस्ट्रो म्हणून पोरं त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. उलट्या, मग वास मारणारी रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत धडधाकट पिल्लू हातातून जातं. मी ते जवळून बघितलंय. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत जिथे इतर कुत्री बसतात, हगतात अशा जागी पिल्लाला खाली सोडायचं नाही. पिल्लाने एक वेळ खाल्लं नाही आणि ते मलूल पडलंय असं दिसलं, तर शाळेतून आल्यावर बघू असं म्हणू नकोस. तसाच दवाखाना गाठ.

आणि एक गोष्ट तुझ्या स्वतःसाठी. लस न झालेल्या पिल्लाने चावलं किंवा ओरखडलं, तर रक्त आलं नसलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धू, आणि लगेच घरी सांग. 'सांगितलं तर पिल्लू परत पाठवतील' या भीतीने मुलं लपवतात. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की त्यावर इलाज नाही, पण वेळेत लस घेतली तर तो होत नाही. लस सरकारी रुग्णालयात मिळते.

खाण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण नाशिकच्या घरात कुत्र्याला धोकादायक अशा दोन गोष्टी हमखास पडलेल्या असतात: द्राक्षं आणि कांदा.

द्राक्षांचा हंगाम आला की दिंडोरी-पिंपळगावकडच्या पाहुण्यांकडून क्रेट येतात. ते जमिनीवर ठेवले जातात, दोन-चार मणी सुटून कोपऱ्यात जातात. कुत्र्याला द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. टार्टरिक आम्ल हे त्याचं कारण असावं असं आता मानलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. एखाद्या कुत्र्याला बरीच खाऊन काही होत नाही, तर एखाद्याला थोडक्यात होतं, म्हणून 'एवढी चालतात' असं मापच धरायचं नाही. बेदाणे-मनुके त्याहून वाईट, कारण वाळवल्यावर तेच सगळं एवढ्याशा दाण्यात येतं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आठव. आजी प्रेमाने एक घास पिल्लापुढे ठेवते, त्यात चार बेदाणे असतात. आजीला हे तूच समजावून सांग, पूजेच्या आदल्या दिवशी. पिल्लाने द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेले दिसले तर उलटी होते का याची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत ते पोटातून काढता येतात.

कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवलेला, सगळाच घातक. लसूण तर त्याहून जहाल. म्हणून मिसळीचा रस्सा, पिठलं, भाजीचा उरलेला रस, कांदा-लसूण मसाल्याची आमटी पोळीवर घालून द्यायची पद्धत बंद. त्रास त्याच दिवशी दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर कुणाला तो घास आठवतही नाही. चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, शिजवलेली हाडं हेही नाही. माणसांच्या तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या तर अजिबात नाहीत.

मग द्यायचं काय? दूध-पोळीवर पिल्लू जगतं, पण वाढत नाही. गायी-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाबच होतात. चांगलं पपी फूड परवडत असेल तर उत्तम. नसेल तर मऊ भात, बिनहाडाचं उकडलेलं चिकन किंवा अंडं, त्यात उकडलेला लाल भोपळा नाहीतर गाजर, मीठ-मसाला-फोडणी काही नाही. घरात मांसाहार चालत नसेल तर पिल्लू आणायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, प्रथिनांची सोय काय करायची ते ठरवा. घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं, त्याचंही प्रमाण डॉक्टरांकडूनच घे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचल.

शी-शूची सवय ही बहुतेकांना सगळ्यात अवघड वाटते. खरं तर ती वेळापत्रकाची बाब आहे. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरू शकत नाही. झोपेतून उठलं की, खाल्लं की, खेळून दमलं की, आणि मधे दर दीड-दोन तासांनी त्याला उचलून ठरलेल्या एकाच जागी ने. लसी होईपर्यंत ती जागा बाल्कनीतला वर्तमानपत्र पसरलेला ट्रे असला तरी चालेल. त्याच्याकडे बघायला शिक. खेळता खेळता मधेच थांबतं, नाक जमिनीला लावतं, एकाच जागी गोल फिरायला लागतं. त्या क्षणी तुझ्या हातात दहा सेकंद असतात. बाहेर नेऊन काम झालं की तिथल्या तिथे कौतुक कर, घरात परत आल्यावर नाही. घरात झालं तर नाक घासणं, रपाटा मारणं हे जुने प्रकार करू नकोस. त्याने पिल्लू एवढंच शिकतं की तुझ्यासमोर करायचं नाही, मग ते पलंगाखाली जाऊन करतं. डाग साबणाच्या पाण्याने पुसून वरून व्हिनेगर-पाणी मार, म्हणजे वास राहत नाही. फिनाईल पिल्लाच्या आसपास वापरू नका, पाय चाटले की ते पोटात जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या दृष्टीने जगातलं नेहमीचं ठरतं. जे या काळात भेटलं नाही, त्याला पुढे ते घाबरतं, आणि घाबरलेला कुत्राच चावतो. आठव्या आठवड्यात घरी आणलंस तर तुझ्या हातात फक्त सहा आठवडे आहेत. लसी चालू असतात म्हणून त्याला घरात कोंडलं तर तेवढे दिवस वाया जातात. म्हणून उचलून न्यायचं. कडेवर घेऊन कॉलेज रोडच्या कडेला पाच मिनिटं उभं राहा, रिक्षा, सिटीलिंकची बस, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारे आजोबा, छत्री उघडणारी बाई, सगळं दिसू दे. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक खाऊ. अंग आखडलं, शेपूट पोटाखाली गेली, जांभया द्यायला लागलं, की चार पावलं मागे ये. जबरदस्तीने जवळ नेऊन भीती मोडत नाही, वाढते.

आपल्याकडे ढोलाचं वेगळं शिकवावं लागतं. नाशिक ढोल माणसाच्या छातीत वाजतो, कुत्र्याच्या कानाला तो काय वाटत असेल. पिल्लू जेवत असताना फोनवर ढोल-ताशाचा आवाज अगदी हळू लाव, इतका हळू की ते खाणं थांबवणार नाही. तीन-चार दिवसांनी किंचित वाढव. फटाक्यांच्या आवाजाचंही तसंच. गणपती-दिवाळीच्या महिना-दीड महिना आधी सुरू केलंस तर मिरवणूक गल्लीतून जाताना ते घरात निवांत राहायची शक्यता बरीच वाढते. रंगपंचमीला मात्र घरातच ठेव. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनि चौक भागात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात त्या दिवशी आख्खं शहर रंगलेलं असतं, आणि अंगावरचा रंग कुत्रा चाटूनच काढतो.

शिकवायला पहिल्याच दिवसापासून सुरुवात करता येते, पण एका वेळी तीन ते पाच मिनिटंच, जेवणाच्या आधी. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा: उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा तुकडा. आपल्या गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे मागचे पाय सरकतात, म्हणून खाली पायपुसणं टाक. तुकडा चिमटीत धरून नाकाशी ने, हुंगू दे, मग हात सावकाश नाकावरून कपाळाच्या मागे सरकव. नाक वर जातं, मान मागे जाते, आणि मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकला त्याच क्षणी 'शाब्बास' आणि तुकडा तोंडात. एका सेकंदाचा उशीर झाला तरी ते तोवर उठलेलं असतं, आणि तू त्याला उठायचं बक्षीस दिलेलं असतं. हात फार उंच नेलास तर ते उडी मारेल. 'बस' हा शब्द सुरुवातीला उच्चारायचाच नाही. हालचाल हुकमी जमायला लागली की शब्द जोडायचा. आणि तो सगळ्यांनी एकच वापरायचा. बाबा 'सिट', आई 'खाली बस', आजी 'बैस रे बाळा' म्हणत असतील तर ते कुणाचं ऐकणार? फ्रिजवर कागद लाव: बस, ये, सोड, थांब. चार शब्द पुरेत.

'ये' हा त्यातला जीव वाचवणारा शब्द. उघड्या गेटमधून रस्त्यावर पळालेल्या कुत्र्याला तोच परत आणतो. तो शिकवताना हॉलच्या दोन टोकांना दोघांनी बसायचं, आळीपाळीने हाक मारायची, आलं की खाऊ. रागावण्यासाठी, आंघोळीला नेण्यासाठी, खेळ बंद करण्यासाठी 'ये' म्हणून कधीही बोलवायचं नाही. तेव्हा स्वतः उठून जा आणि उचलून आण. 'सोड' शिकवायचं ते अदलाबदलीने. तोंडात बाबांची चप्पल असेल तर ओढाओढी करू नकोस, नाकासमोर चिकन धर. चप्पल सुटते. मागे लागलास की त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो.

चावण्याने मुलं सगळ्यात जास्त वैतागतात. सुयांसारखे दात, हातावर ओरखडे, पायजम्याची टोकं फाटलेली. दात चार महिन्यांच्या सुमाराला पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येतात, तोवर ते चावणारच. हात खेळणं म्हणून वापरू नकोस. दात लागला की खेळ तिथेच थांबव, आरडाओरडा न करता उठून खोलीबाहेर जा, अर्ध्या मिनिटाने परत ये. चघळायला गारेगार ओलं फडकं गाठ मारून दे. संध्याकाळी सातच्या सुमाराला पिल्लू वेड्यासारखं पळायला आणि चावायला लागलं तर बहुतेक वेळा ते झोपेला आलेलं असतं.

फिरायला नेताना हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि साधी पट्टी वापर, लोखंडी साखळी नको. मे महिन्यात हाताचा मागचा भाग रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघ. तुला टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. सकाळी सातच्या आत नाहीतर दिवे लागल्यावरच बाहेर पडा. मखमलाबादकडच्या द्राक्षबागांच्या कडेने नेऊ नका, फवारणी झालेलं गवत ते चावतं. पावसाळ्यात रोज घरी आल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या बोटांनी चाचपून बघ. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढ, रॉकेल लावू नको. गोचीड तापाने चांगला कुत्रा आठवड्यात खंगतो. खिशात पिशवी ठेव आणि शी उचल, गोदापार्कवर तर नक्कीच. गल्लीतली कुत्री दिसली की पिल्लाला झटक्यात वर उचलू नकोस, त्याने ती उलट अंगावर येतात. शांतपणे वळून दुसरीकडे चल.

सहा महिन्यांचं झालं की एक दिवस ते तुझ्याकडे बघेल, हाक ऐकेल, आणि दुसरीकडे निघून जाईल. मुलं तेव्हा रडकुंडीला येतात, सगळं शिकवलेलं विसरला म्हणतात. विसरलेला नसतो, वयात येत असतो. याच वेळी नसबंदीची योग्य वेळ डॉक्टरांशी बोलून ठरव, आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयात कुत्र्याच्या परवान्याचं विचारून घे. मोकळं सोडणं काही महिने बंद कर. लांब सुती दोरी बांध, खिशात चिकन ठेव, आणि 'ये' पुन्हा हॉलच्या दोन टोकांपासून सुरू कर.